भिकुबाई गोरोसाठी रडल्या

कोपरा म्हटलं तर जेमतेम चटईएवढा. धुळ्यात देवपुरातल्या प्रेमराजच्या घरात, पुढच्या खोलीत, खिडकीपासून सगळ्यात लांब. पंख्याचा वारासुद्धा तिथपर्यंत पोचायचा नाही. त्या चटईवर प्रेमराजची आई, भिकुबाई, दहा महिने बसून होत्या.

तुम्ही म्हणाल, आजारी होत्या का? छे! ठणठणीत होत्या. त्यांचा नवरा वारला होता. आषाढात पुनाभाऊ गेले आणि भाऊबंदांनी भिकुबाईंना कोपऱ्यात बसवलं. वर्षभर उंबरा ओलांडायचा नाही, मोठ्याने बोलायचं नाही, लग्नकार्यात दिसायचं नाही, आणि दारावर, म्हणजे दुखवट्याला, कोणी भेटायला आलं की त्यांच्यादेखत रडायचं. बायको वारलेल्या पुरुषाला कोणी असं कोपऱ्यात बसवल्याचं तुम्ही ऐकलंय का? मी तरी ऐकलेलं नाही. तेरावा झाला की तो कामावर जातो, आणि चारसहा महिन्यांत त्याच्यासाठी स्थळं येऊ लागतात. असो. खरं तर हे 'असो' म्हणण्यातच आपल्या पिढ्या गेल्या!

प्रेमराज काही वाईट मुलगा नव्हता. सरकारी कचेरीत कारकून होता, आईवर त्याची माया होती. पण दोंडाईच्याहून त्याचे थोरले काका, नवलनाना, जे सांगत ते त्याला मोडवत नसे. "एक वर्षाचाच तर प्रश्न आहे," असं तो बायकोला, रूपाला, म्हणायचा. रूपा चटईजवळ चहा ठेवायची आणि आत जायची.

कोपऱ्यातल्या आजीला पहिल्यांदा काही हातात दिलं ते नातीने. दिपमाला कॉलेजात शिकत होती आणि जपानी कार्टून मालिकांची वेडी होती. त्यांना ती ॲनिमे म्हणायची. एका दुपारी आजी भिंतीकडे बघत बसलेली तिला बघवेना. तिने आपल्या मोबाइलवर एक मालिका हिंदीत लावून दिली, आजीच्या कानात इअरफोनची वायर घातली, वरून आजीचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "आजी, एक भाग बघ. नाही आवडला तर बंद कर."

भिकुबाईंनी त्या दिवशी चार भाग पाहिले.

दिपमालाचा एक गट होता. युसूफभाईंच्या गादी कारखान्याच्या माळ्यावर दर रविवारी चार वाजता पाचसहा पोरं-पोरी कापसाच्या गाठींवर बसायची आणि आठवड्यात काय पाहिलं ते एकमेकांना सांगायची. युसूफभाईंचा फैसल, त्याची बहीण नाजमीन, पहूरहून धुळ्यात शिकायला आलेला ज्ञानेश्वर, असे सगळे. गटाचा नियम एकच: ज्याने पाहिलं नाही त्याला शेवट सांगायचा नाही. भिकुबाईंना घराबाहेर पडता येत नव्हतं, म्हणून त्या नातीच्या मोबाइलवर आपलं मत बोलून पाठवू लागल्या, आणि महिनाभरात असं झालं की पोरं आधी आजीचं ऐकायची आणि मगच आपलं तोंड उघडायची.

नाजमीन एका मालिकेवर भाळली होती. रेल्वे स्टेशनावरचं छोटं हॉटेल, आणि तिथे भुतं सूप प्यायला येतात. नाजमीन रंगांबद्दल, संगीताबद्दल पंधरा मिनिटं बोलली. भिकुबाईंचं म्हणणं एका वाक्यात होतं: "भुते जेवतस, उठी जातस, आन् भांडा कोन घसस? ते काही दखाडत नही!"

फैसलच्या मालिकेत अजस्र लोखंडी यंत्रमानव होते आणि त्यांच्या पोटात बसून शाळकरी मुलं लढायला जात. त्यावर भिकुबाई म्हणाल्या, "इतलं मोठं लोखंड, आन् आत बारा वरीसना पोऱ्या! त्यानी मायले कोनी इचारं का?" तिसऱ्या दिवशी फैसलने कबूल केलं की आजीचा मुद्दा बरोबर आहे.

पण भिकुबाईंची स्वतःची मालिका वेगळीच होती. एका खेड्यातल्या शाळेचा रस्सीखेचीचा संघ. त्यात सगळ्यात मागे, दोर कमरेला गुंडाळून उभा राहणारा एक जाडा, लाजाळू पोरगा, गोरो. त्याला सगळे हसायचे. गोरो हरला की भिकुबाई जेवायच्या नाहीत.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. पुनाभाऊंच्या मागची पहिली आखाजी! त्यांच्या नावाची घागर भरायची, खापरावरच्या पुरणपोळ्या करायच्या, आणि दोंडाईच्याहून भाऊबंद यायचे. ते अकराच्या गाडीने येतील असा निरोप होता. दहा वाजता रूपा चुलीपाशी होती, प्रेमराज आंबे आणायला गेला होता, आणि भिकुबाईंच्या कानात वायर होती. गोरोचा आजा वारला होता. त्यानेच नातवाला दोर धरायला शिकवलं होतं. आणि दुसऱ्याच दिवशी सामना! सगळे म्हणत होते, घरी जा. गोरो गेला नाही. दोर धरून उभा राहिला.

मंडळी आधीच्या गाडीने आली. बायकांनी रिवाजाप्रमाणे दारातच गळा काढला. भिकुबाईंना काहीच ऐकू आलं नाही. नवलनाना आणि बायका आत येऊन बघतात तर भिकुबाई पदरात तोंड घालून हमसून हमसून रडताहेत! बायका थक्क झाल्या. दहा महिन्यांत ज्या बाईच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं, आणि त्याची सगळ्या भाऊबंदांत चर्चा झाली होती, ती ही बाई!

"दख वं माय," एकजण डोळे पुसत म्हणाली, "घागर दखी आन् बाईना बांध फुटना! कितली माया व्हती पुनाभाऊवर!"

तिने भिकुबाईंना मिठी मारली. मिठीत पदर सरकला, वायर ओढली गेली, आणि मोबाइल भर आवाजात ओरडला:

"गोरो, रस्सी मत छोड़ना! खींच, गोरो, खींच!"

मिठी मारणारी बाई चटका बसावा तशी मागे सरली.

पुढचं सांगायलाच नको. नवलनानांनी वाकून मोबाइलवरचा दोर धरलेला जाडा पोरगा पाहिला आणि ते लालेलाल झाले. "भाऊ जाईसन वरीस नही व्हयनं, आन् हाई बाई कार्टून दखी राहिनी! पोरे-सोरेस्ना खेळ दखीसन रडी राहिनी! आम्हना भाऊसाठे एक टिपूस नही!" एवढ्यात प्रेमराज आंब्यांची पिशवी घेऊन दारात उभा राहिला. नानांनी त्याच्यासमोरच निकाल सांगितला: आतापर्यंतचे दहा महिने रद्द. कोपरा पुन्हा पहिल्यापासून, आजपासून सव्वा वर्ष. मोबाइल बंद, आणि हे खूळ ज्यातून आलं असं कळलं, त्या गटात नातीचं जाणंही बंद. नाहीतर वर्षश्राद्धाला भाऊबंदातलं कोणी पाय ठेवणार नाही.

प्रेमराजने मान खाली घालून आईच्या हातातला मोबाइल घेतला. त्याला लाज वाटत होती, पण कशाची, हे त्यालाही नीट सांगता आलं नसतं.

भिकुबाई थोरल्या दिरासमोर कधी बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी मात्र त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मान वर केली.

"नाना, दुख मनं शे. ते कसं रडानं, हाई मी ठरावसू."

"काय बोलनी?" नाना ओरडले. भिकुबाईंनी भिंतीकडे तोंड केलं. एकदा सांगितलं होतं, ते पुरेसं होतं.

रविवार उजाडला. त्या दिवशी मालिकेचा शेवटचा भाग येणार होता. दिपमाला सकाळपासून रडवेली होऊन बसली होती. दुपारी साडेतीनला भिकुबाई चटईवरून उठल्या. तोंड धुतलं, आखाजीला मिळालेलं नवं लुगडं नेसल्या, चपला शोधल्या. दहा महिन्यांत त्या चपलांवर धुळीचा थर बसला होता.

"आत्या, कुठे निघालात?" रूपाने सासूला विचारलं.

"युसूफभाईना कारखानामां. सांगी दे प्रेमराजले. चोरीसन जात नही मी."

रूपाने वाकून कोपऱ्यातली चटई उचलली, गुंडाळली आणि म्हणाली, "जा तुम्ही. मी सांगते." आणि दिपमालाला ओरडली, "बसलीस काय? आजीचा हात धर!"

भरउन्हात, पदर डोक्यावर घेऊन, नातीचा हात धरून भिकुबाई रस्त्याच्या मधून चालत गेल्या. ओट्यांवर बसलेल्या बायका माना वळवून बघू लागल्या. भिकुबाईंनी एकेकीकडे नीट बघितलं आणि "राम राम" म्हटलं!

युसूफभाई दारातच कापूस पिंजत होते. पुनाभाऊंनी तीस वर्षं जिनिंग कारखान्यात, म्हणजे सरकी काढतात तिथे, दोर लावून कापसाच्या गाठी ओढल्या होत्या, त्यामुळे ओळख जुनी. "या भाभी," ते म्हणाले, "शिडी जरा खडी आहे, संभाळून." फैसल आणि ज्ञानेश्वर धावत खाली आले, आणि आजीला माळ्यावरच्या सगळ्यात उंच गाठीवर बसवलं. सगळ्यांनी मिळून शेवटचा भाग पाहिला.

"आजी, आधी तुम्ही," नाजमीन म्हणाली.

नेमका तेव्हाच प्रेमराज खाली येऊन पोचला होता. आईला हाताला धरून घरी न्यायचं ठरवून आला होता तो. मोटारसायकल लावून तो तरातरा आत शिरला, शिडीच्या दुसऱ्या पायरीवर पाय ठेवला आणि वरून आईचा आवाज आला. तो तिथेच थांबला.

"पोरेहोन," भिकुबाई सांगत होत्या, "दहा महिना बाया मले म्हनेत, रड भिकुबाई, रड. मले रडूच ये ना. मले वाटे, मना काळीजना दगड व्हई गया. दवाखानामां शेवटला दिवस, यास्नी मना हाथ धरेल व्हता. गाठी ओढी ओढी त्या हाथले घट्टा पडेल व्हतात. सोडेतच नहीत. तीन रात मी जागी व्हतू. प्रेमराज म्हने, माय, चहा पी ये. मी हाथ सोडी दिना. मीच सोडी दिना! चहा पीसन उनू, तवय मना मानूस निंघी जायेल व्हता."

त्यांनी पदराने तोंड पुसलं.

"हाई गोष्ट मी कोनले सांगू? दारवर येनाऱ्या बायास्ले? त्या टिपूस मोजाले येतस. आन् मंग हाऊ पोऱ्या दिखना, गोरो. हाथना सालटा निंघनात, तरी दोर सोडत नही. मी म्हने, सोडू नको रे बेटा, मन्हागत सोडू नको. आन् मना बांध फुटना. लोके म्हनतस, बाई कार्टूनले रडनी. मी मना मानूसले रडनू! दहा महिनामां पहिलांदाव रडनू!"

शिडीवर प्रेमराजच्या डोळ्यांना धार लागली होती. आईला चहा प्यायला त्यानेच पाठवलं होतं. त्यालाही ते कोणाला सांगता आलं नव्हतं. तो वर चढला. पोरं घाबरून उठली, पण तो कोणाकडे न बघता आईसमोर खाली बसला.

"माय, तुले मीच धाडं व्हतं ना वं."

"तुन्ही काय चूक, बेटा?" भिकुबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "तू मना जीवसाठे सांगं."

"आन् कोपरामां बी मीच बसाडं!" प्रेमराज म्हणाला. त्याने तिथूनच, सगळ्यांसमोर, नवलनानांना फोन लावला. शब्द एकेक स्पष्ट होते.

"नाना, मनी माय आते कोपरामां बसाव नही. आज नही आन् उद्या बी नही. वर्षश्राद्धले तुम्हनं पान मांडी ठेवसू. येनं का नही, ते तुम्ही ठरावा."

पलीकडून बराच आरडाओरडा ऐकू आला. प्रेमराजने तो शेवटपर्यंत ऐकून घेतला, "बरं नाना, राम राम" म्हटलं आणि फोन ठेवला. मग आखाजीला आईच्या हातून घेतलेला मोबाइल खिशातून काढून तिच्या मांडीवर ठेवला.

आषाढात वर्षश्राद्ध झालं. भाऊबंदातली निम्मी मंडळी आली नाहीत. नवलनाना उशिरा आले, कोणाशी बोलले नाहीत, जेवले. सख्ख्या भावाचं श्राद्ध, आले नसते तर लोकांना काय सांगितलं असतं? निघताना मात्र ते भिकुबाईंपाशी घुटमळले. इकडेतिकडे बघितलं.

"त्या जाड्या पोऱ्यानं शेवट काय व्हयनं?" त्यांनी हळूच विचारलं. "जिकना का?"

"नाना, शेवट सांगाना नही, असा आम्हना गटना नियम शे," भिकुबाई म्हणाल्या. "बसा अशा. पहिला भागपाईन दखा."

आणि वाचकहो, नाना बसले! जिथे चटई होती, तिथेच खुर्ची टाकून बसले.

आता माझं सांगणं थोडकंच आहे. आपलं माणूस गेल्यावर कोण देवळात जाऊन रडतं, कोण शेतात जाऊन, आणि कोण एका परक्या देशातल्या रंगवलेल्या पोराचा दोर बघून. ज्याचं दुःख आहे त्याने कसं रडायचं आणि पुन्हा केव्हा हसायचं, हे त्याचं त्यालाच ठरवू द्या. दारावर जाल तेव्हा बाईचे अश्रू मोजायला जाऊ नका. शेजारी बसा, आणि ती काय बघतेय, ते तिला विचारा. मेलेल्या माणसाचा मान राखायचा म्हणून जिवंत बाईला कोंडून ठेवणं हा धर्म नव्हे, जुलूम आहे! आणि तो करणारे कोणी परके नसतात, आपणच असतो.

तुमच्या घरात असा एखादा कोपरा असेल. वर्ष पुरं व्हायची वाट बघू नका. आज, आत्ता, ती चटई उचला!