ताई चालते तशी

"तुमची बाई लंगडते, म्हणून ती झटके खाते," सर म्हणाले, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सर म्हणजे पंचविशीतला पोरगा. कोपराला भोक पडलेला स्वेटर घालायचा. तो रफू करून द्यावा म्हणून माझे हात शिवशिवायचे, पण त्या दिवशी मात्र तो तसाच फाटका राहो असं वाटलं. मी चौपन्न वर्षांची शिंपीण. तीन महिन्यांच्या अ‍ॅनिमेशनच्या वर्गात सगळ्यात थोराड विद्यार्थिनी. दारावर कागद लावला होता : 'तुमचं चित्र चालायला लावा.' आत जाऊन मी एवढंच विचारलं होतं, कुणालाही चालायला लावता येतं का? सर म्हणाले होते, कुणालाही.

मला ताईला चालायला लावायचं होतं.

ताई माझी थोरली बहीण. लहानपणी आजारात तिचा डावा पाय आखूड राहिला. त्या पायात ती जाड तळाचा बूट घालते. आमच्या घरात फोटोंना तोटा नाही, पण एकाही फोटोत ताई उभी नाही. फोटोवाला आला की आई म्हणायची, "थोरलीला खुर्ची द्या." लग्नांच्या व्हिडिओत सगळं गाव नाचतं आणि ताई खुर्चीत बसून टाळ्या वाजवते. आईला नावं ठेवून मी सुटणार नाही. ताईचे सगळे कपडे मी शिवते. गेली तीस वर्षं तिच्या प्रत्येक स्कर्टचा घेर डाव्या बाजूला दोन बोटं लांब कापते, बूट झाकला जावा म्हणून. तिने तसं कधी सांगितलं नव्हतं. मीच ठरवलं, आणि वर स्वतःची पाठही थोपटून घेतली.

वर्गाच्या शेवटी प्रत्येकाची छोटी फिल्म सभागृहात दाखवायची होती. माझी चौदा सेकंदांची. एक बाई खुर्चीतून उठते, खोलीभर चालत जाते, खिडकी उघडते. बस्स. पण ती चालते ताईसारखी. उजवं पाऊल झोकात पडतं. मग खांदा जरासा मागे जातो, डावा पाय कमरेतून उचलला जातो आणि थोडा बाहेरून फिरून पुढे पडतो. ही चाल मी पन्नास वर्षं शेजारून बघितली आहे. मला ती डोळे मिटून काढता येते.

काम असं असतं. पडद्यावरच्या बाईला एका जागी हवी तशी उभी करायची आणि तिथे खूण करायची. त्या खुणेला इंग्रजीत 'की' म्हणतात. मग पुढच्या जागी पुढची ढब, पुढची 'की'. मधलं सगळं कॉम्प्युटर भरतो. कपड्याला ठिकठिकाणी टाचण्या लावून मधली शिवण मशीनवर सोडावी, तसं. मला ते पहिल्याच दिवशी उमगलं, आणि वर्गातल्या पोरांपुढे मी जरा भावही खाल्ला.

तो भाव आता उतरला होता. बाई छान चालायची, आणि मध्येच ताठ व्हायची. हात खाडकन खाली, पाय जुळलेले, मान सरळ. डोळ्याची पापणी लवते तेवढाच वेळ, की पुन्हा चालू. चौदा सेकंदांत पाच वेळा. दोन आठवडे मी त्या झटक्यांपुढे हात टेकले होते.

सरांनी माझा माउस हातात घेतला. "कॉम्प्युटरला सारखं पाऊल भरता येतं हो. तुमचं एक पाऊल असं, एक तसं. तो गोंधळतो." त्यांनी कॉम्प्युटरमधल्या तयार चालीचं बटण दाबलं. झटके गेले. झटक्यांबरोबर ताईही गेली. पडद्यावर कुणीतरी परकी बाई तुरुतुरु चालत खिडकीकडे निघाली होती.

"बघा, किती सुरेख!" सर म्हणाले.

"परत आणा," मी म्हणाले.

"अहो मावशी, पण..."

"परत आणा म्हणते ना!"

शेजारच्या मशीनवरचा दाढीवाला विद्यार्थी खुर्चीसकट मागे सरकला. सरांनी आधीचं परत आणलं. मग शांतपणे म्हणाले, "मावशी, शुक्रवारी संध्याकाळी मी शनिवारच्या कार्यक्रमाची यादी करणार. झटके असलेली फिल्म मला लावता येणार नाही. आणि खरं सांगू? झटके गेले तरी लोकांना वाटेल, या वर्गात साधं चालणंही शिकवत नाहीत. तयार चाल लावा. नाहीतर तुमची फिल्म राहू द्या."

त्यांचा आवाज वाईट नव्हता. तेच जास्त झोंबलं. आईचाही आवाज कधी वाईट नसायचा. थोरलीला खुर्ची द्या.

ताईला मी काहीच सांगितलं नव्हतं. शनिवारी माझ्यासोबत ये, एवढंच. ती आमच्या दुकानात काजं-बटणं करते. तिने मान वर न करता विचारलं होतं, "कडेची खुर्ची मिळेल ना?" ताईला कडेची खुर्ची लागते. कार्यक्रम संपला तरी ती बसून राहते, आणि सगळे गेले, सभागृह रिकामं झालं, की मग उठते. साठी आली तिची, पण हे काही चुकलं नाही.

शुक्रवारी दुपारी मी दुकान ताईवर टाकून वर्गात गेले. मनाशी म्हटलं, शिवणयंत्र टाके सोडायला लागलं तर आपण काय करतो? यंत्राला शिव्या घालतो, हे खरं, पण त्यानंतर? एका वेळी एकच गोष्ट बदलतो. आधी सुई. मग दोरा. मग बॉबिन. सगळं एकदम बदललं तर दोष कुठे होता ते कधीच कळत नाही.

म्हणून आधी मी फक्त डाव्या पायाच्या खुणा बंद ठेवल्या. पाय लटकला आणि बाई तरंगत निघाली, तरी पाच झटके होतेच. म्हणजे दोष लंगडण्याचा नव्हता! मला तिथल्या तिथे टेबलावर मूठ आपटावीशी वाटली. आपटलीच. दाढीवाल्याने दचकून बघितलं. "काही नाही रे बाबा, तुझं चालू दे," मी म्हटलं.

मग उजवा पाय बंद केला. झटके होतेच. मग हात बंद केले. तरी मानेला झटके होतेच. प्रत्येक अवयवाच्या खुणा खालच्या पट्टीवर ओळीने दिसतात. त्या मी एकेक तपासायला घेतल्या. चालण्याच्या खुणा विखुरलेल्या होत्या, पाय इथे, खांदा तिथे, कारण माणूस तसाच चालतो. पण पाच ठिकाणी पाय, हात, मान, कंबर, सगळ्यांच्या खुणा एकाखाली एक, सरळ रेघेत. चालताना कुणाची मान आणि दोन्ही टाचा एकाच क्षणी जाग्यावर येतात? कवायतीतल्या शिपायाची येत असेल. आमच्या ताईची नाही.

पहिल्या रेघेवर मी बाईला थांबवलं आणि नीट बघितलं. हात खाली. मान सरळ. पाय जुळलेले. ही ढब मी कुठेतरी पाहिली होती. पाहिली कसली, रोज करत होते!

आमच्या दुकानात हातपाय हलणारा लाकडी पुतळा आहे. बाबांची शिस्त होती : दुकान बंद करताना पुतळा वेडावाकडा सोडायचा नाही. हात खाली, मान सरळ, पाय जुळवून, वर चादर. बाबा गेले तरी मी ते मोडलेलं नाही. आणि या वर्गातही काम संपलं की, पिशवी खांद्याला लावायच्या आधी, मी पडद्यावरच्या बाईला नीट उभी करून ठेवत होते. दमली असेल बिचारी, म्हणून. दाढीवाला हसायचा, तरीही.

पडद्याच्या कोपऱ्यात एक लाल बटण असतं. ते चालू असलं की तुम्ही जे हलवाल त्याची खूण आपोआप होते. पहिल्या दिवशी सरांनी सांगितलं होतं, काम झालं की हे बंद करा. मी कशाला बंद करते! जिथे काम थांबवलं तिथे, चालता चालता, मी ताईला पुतळा करून ठेवत होते आणि कॉम्प्युटर इमानदारीत ते लिहून घेत होता. पाच वेळा मीच तिला मध्येच थांबवलं होतं.

आधी मला हसू आलं. मग रडू आलं. मग दोन्ही पुसून मी त्या पाच रेघा एकेक करून पुसल्या आणि लाल बटण बंद केलं.

ताई खुर्चीतून उठली. उजवं पाऊल झोकात. खांदा मागे, डावं पाऊल बाहेरून. खिडकीपर्यंत. कुठे अडकली नाही.

मी सरांना बोलावलं. त्यांनी तीनदा बघितलं.

"झटका दाखवा," मी म्हणाले. "बोट ठेवून दाखवा."

"झटका नाहीये," ते म्हणाले. "पण मावशी, ती अजून लंगडते."

"हो. लंगडतेच."

"लोक म्हणतील, चुकलंय."

"म्हणू द्या. सर, ते पाच झटके माझी चूक होती. शोधली, काढली, कबूलही करते. ही चूक नाही. ही माझी बहीण आहे. आहे तशी लावा, नाहीतर माझं नाव खोडा. पण तिला सरळ करायला मला सांगू नका. माझ्याच्याने होणार नाही."

सरांनी स्वेटरच्या भोकातून कोपर खाजवलं. पुन्हा एकदा फिल्म बघितली. मग यादी काढली आणि माझं नाव शेवटी लिहिलं.

शनिवारी सभागृह भरलं होतं. ताईला कडेची खुर्ची मिळाली. पोरांची चित्रं उड्या मारत होती, भांडत होती, ढगातून पडत होती. सगळ्यात शेवटी पडद्यावर एक खुर्ची आली, आणि खुर्चीतून एक बाई उठली.

ताईकडे बघायची छाती होईना, म्हणून मी तिच्या हातांकडे बघत राहिले. तिसऱ्या पावलाला तिने बोटं घट्ट आवळली. तिने ओळखलं होतं.

मागच्या रांगेतून कुणीतरी हसलं. "अरे, हिचा पाय बघ. काहीतरी चुकलंय."

ताई वळली. भर सभागृहात, अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "चुकलेलं नाही. मी अशीच चालते."

पडद्यावरच्या बाईने खिडकी उघडली. दिवे लागले. लोक अजून खुर्च्यांतच होते, टाळ्या नुकत्याच सुरू होत होत्या, तोवर ताई उठून उभी राहिली आणि मधल्या वाटेने चालायला लागली. उजवं पाऊल झोकात, खांदा मागे, डावं पाऊल बाहेरून. मी पिशवी उचलून तिच्यामागे धावले.

रस्ताभर ती माझ्यापुढेच चालत राहिली. मला वाटलं, रागावली. घरात आल्यावर तिने दिवा लावला, खुर्ची बाजूला ढकलली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"खांदा बरोबर घेतलायस," ती म्हणाली. "डाव्या पायाला मात्र जरा घाई केलीस. मी एवढी घाई करत नाही."

"बरं."

"आणि हे." तिने स्कर्टची डावी बाजू चिमटीत धरून वर उचलली. जाड तळाचा बूट दिसला. "ही दोन बोटं मला आधीपासून माहीत आहेत. कात्री आण."

मी टाचण्या तोंडात धरून जमिनीवर बसले. ताई उभीच राहिली. मी घेर उसवला, दोन्हीकडून सारखा मापला, कापला आणि शिवला. सोमवारी तोच स्कर्ट घालून ती दुकानापर्यंत चालत आली.