घरात माणसं किती?

रविवारी सकाळी चिमी बाथरूममध्ये शिरली आणि घोट्यापर्यंत पाण्यात उभी राहिली. वर पाहिलं तर गीझरच्या बुडातून पाण्याची बारीक धार लागली होती.

चिमी म्हणजे काही लहान मुलगी नव्हे. पन्नाशी उलटून गेली होती, कानाशेजारचे केस पांढरे झाले होते. पण थोरल्या बहिणीने लाडाने ठेवलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. रक्त तपासायच्या लॅबमध्ये ती नमुने घेण्याचं काम करायची. दिवसभर लोकांचे दंड बांधायचे, शीर चाचपायची, "मूठ आवळा, तिकडे बघा, झालं!" म्हणायचं. हात इतका हलका, की लोक मुद्दाम तिच्यापुढच्या रांगेत ताटकळत बसायचे. घरी मात्र तिच्याशी बोलायला चिटपाखरूही नव्हतं.

पूर्वी अक्का होती. नवरा गेल्यावर अक्का मुलीला घेऊन चिमीकडे राहायला आली. पुढे मुलगी लग्न होऊन दूर गेली आणि दोघी बहिणीच उरल्या. घरात काही बिघडलं की ते खातं अक्काचं. स्क्रू-ड्रायव्हर कमरेला खोचून ती म्हणायची, "तू माणसांना टोच, मी भिंतींना टोचते." मग मुलीच्या बाळंतपणाला म्हणून गेली ती तिकडेच अडकली. बाळ रांगायला लागलं की येते, म्हणाली. बाळ रांगलं. चालायला लागलं की येते, म्हणाली. बाळ आता घरभर पळत होतं.

चिमीने तिलाच फोन लावला.

"अक्का, गीझर गळतोय."

"बटण बंद केलंस?"

"नाही अजून."

"मग फोन कसला करतेस, बाई! आधी पायात रबरी चपला घाल, हात कोरडे कर आणि बाहेरचं मोठं बटण बंद कर."

चिमीने तसं केलं. "केलं. पण पाणी येतंच आहे."

"येणारच. गार पाण्याच्या नळीवर छोटा कॉक असेल, तो फिरव."

चिमी स्टुलावर चढली. कॉक जाम होता. हातरुमाल गुंडाळून जोर लावला, तरी ढिम्म हलेना.

"मग गच्चीवर जा. टाकीखाली सगळ्यांचे कॉक आहेत. आपल्याला मी निळी चिंधी बांधलीय. अगं ए, थांब! हा पठ्ठ्या स्टुलावर चढतोय. ठेवते, ठेवते!"

गच्चीवर चिंधी होती. रंग उडालेला, पण गाठ अक्काचीच, दातांनी सोडवावी लागेल अशी. चिमीने कॉक बंद केला आणि खाली येऊन पाणी उपसायला बसली. चार बादल्या काढल्यावर तिच्या लक्षात आलं, की हे पाणी खालच्यांच्या डोक्यावर गेलं असणार.

खालचं कुटुंब तिला जिन्यात भेटण्यापुरतं माहीत होतं. पण रोज सकाळी तिला त्यांची चाहूल लागायची. ती गीझर लावून चहा टाकायची, तेवढ्यात कुठूनतरी टक, टक, टकटक असा आवाज सुरू व्हायचा. खालची बाई उठली, खलबत्त्यात काहीतरी कुटतेय, असं चिमी मनाशी म्हणायची. त्या आवाजाच्या सोबतीने चहा प्यायची तिला सवय झाली होती.

साडी नीट करून, माफी कशी मागायची ते मनात घोळवत ती खाली गेली. बेल वाजवली. पुन्हा वाजवली. समोरचं दार उघडलं.

"कोण हवंय?" शेजारच्या बाईंनी विचारलं.

"यांच्याकडे पाणी गळलं असेल. माझा गीझर..."

"अहो, ते गेले की घर सोडून! कधीचेच. केवढा मोठा टेम्पो आला होता सामानाला. तुम्हाला पत्ताच नाही?"

"कामावर असेन मी. पण रोज सकाळी आवाज येतो ना यांच्याकडून."

"इथून? छे हो!" बाईंनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. "घरमालकांनी किल्ली माझ्याकडे ठेवलीय. चला, बघून घेऊ."

आत नुसत्या भिंती होत्या. स्वयंपाकघराच्या ओट्यावर धूळ साचली होती, बाथरूमच्या छताला ताटाएवढा ओला डाग पडला होता. "एवढंच होय! वाळेल आपोआप. मालकांना कळवते मी," बाई म्हणाल्या आणि कढईत काही टाकून आल्या होत्या म्हणून लगबगीने गेल्या. चिमी जिना चढताना दोनदा थांबली. गुडघे दुखत नव्हते.

दुपारी गीझर दुरुस्त करणारा आला. त्याने झाकण काढून बॅटरी मारली आणि मान हलवली.

"टाकीच सडलीय, ताई. आत क्षारांचा थर बसलाय. तापताना टकटक वाजायचा का?"

चिमीने त्याच्याकडे पाहिलं. "हा वाजायचा?"

"क्षार साचले की वाजतात. घाबरायचं काही नव्हतं, पण आता नवाच घ्यावा लागेल. घरात माणसं किती?"

"दोघी," चिमी म्हणाली.

"मग पंचवीस लिटरचा घ्या. उद्या संध्याकाळी आणून बसवतो."

रात्रीच्या जेवणाआधी अक्काचा फोन आला. "काय झालं गं गीझरचं?"

"नवा सांगितलाय. पंचवीसचा. तुला दोन बादल्यांशिवाय अंघोळ केल्यासारखं वाटत नाही ना."

मागे बाळ भांडी बडवत होतं.

"चिमे, लहान घे."

"का?"

"मी आता इकडेच राहणार गं. पोरगी नोकरीला जाते, तिला माझ्याशिवाय जमत नाही. आणि खरं सांगू? मलाही करमतं इथे. सांगीन सांगीन म्हणत होते, पण तुझा आवाज ऐकला की शब्दच फुटायचे नाहीत."

"मला वाटलंच होतं," चिमी म्हणाली. तिला तसं अजिबात वाटलं नव्हतं.

"तू ये की रजा काढून. मस्त राहू."

"पहिल्याच महिन्यात सांगायचंस, अक्का. मी प्रत्येक रविवारी तुझी गादी उन्हात घालतेय." आणि तिने फोन ठेवून दिला. अक्काच्या तोंडावर फोन ठेवायची तिची ही पहिलीच वेळ.

सोमवारी पिंपात साठवलेलं पातेलंभर पाणी गॅसवर तापवून ती अंघोळ करून कामावर गेली. पहिल्याच माणसाची शीर चुकली. "आई गं!" तो ओरडला. रांगेतल्या लोकांनी माना वर केल्या. चिमीने माफी मागितली, दुसरा हात घेतला आणि त्याचं मनगट गरजेपेक्षा जरा जास्त वेळ धरून ठेवलं.

जेवणाच्या सुट्टीत तिने दुरुस्तीवाल्याला फोन केला.

"मोठा नको. लहान आणा."

"पण दोघींना पुरणार नाही, ताई."

"एकीला पुरेल ना?"

"अगदी आरामात."

"मग तोच आणा."

संध्याकाळी त्याने गीझर बसवला, जाम झालेला कॉक बदलला, भिंत पोखरून बाथरूमभर चुरा करून ठेवला आणि गेला. चिमीने पदर खोचला, ओलं फडकं घेतलं. मग फडकं खाली ठेवून तिने फोन लावला.

पलीकडे पहिली घंटा पुरती वाजायच्या आत फोन उचलला गेला. "रागावलीस?" अक्काने विचारलं.

"हो."

"बरं. रागाव." मग ती म्हणाली, "कितीचा घेतलास?"

"दहाचा."

"बरं केलंस," अक्का म्हणाली. मग ती बाळाने काल आजीचा चष्मा कसा पिठाच्या डब्यात बुडवला ते सांगायला लागली. चिमीने फोन मोठ्या आवाजावर करून बेसिनच्या कडेला ठेवला आणि गुडघ्यांवर बसून फरशी पुसायला घेतली.

"चिमे, ऐकतेयस ना?"

"ऐकतेय," फडकं पिळत चिमी म्हणाली. "बोल तू."