अर्धपोटी गाडीचा भाव

जुन्या गाड्यांच्या धंद्यात त्यांचं खरं नाव कोणाला ठाऊक नव्हतं आणि कोणाचं त्यावाचून अडतही नव्हतं. सगळे त्यांना कानसेन म्हणत. गाडी यार्डात शिरली की ते डोळे मिटून बॉनेटपाशी उभे राहत, मान जराशी तिरकी करत आणि सांगून टाकत, की हिचं तेल वेळेवर बदललेलं नाही, हिचा दुसरा मालक उतावळा होता आणि ही चढावर तापते. मग भाव सांगत. त्या भावाशी वाद घालायला सहसा कोणी जात नसे.

पुढे विजेच्या गाड्या आल्या आणि कानसेनांचे कान बेकार झाले. बटण दाबलं तरी गाडी सुरू झाली की नाही हेच कळेना. बॉनेट उघडावं, तर आत ऐकण्यासारखं काही नाही आणि हुंगण्यासारखंही नाही. मग त्यांनी आपली एक सोपी वाट काढली. मीटरवरचे किलोमीटर बघायचे. कमी फिरलेली गाडी चांगली, जास्त फिरलेली वाईट. पेट्रोलच्या गाडीला हा हिशेब बऱ्यापैकी लागू पडतो, तेव्हा इथेही पडेल असं ते धरून चालले.

त्यांना माती चारली ती एका पांढऱ्या गाडीने. तिच्या मालकाने तिला लेकीसारखं जपलं होतं. भाजीपुरती बाहेर काढायची, परत आल्यावर काठोकाठ चार्ज करायची आणि कव्हर घालून अंगणात उन्हात उभी करायची. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. कानसेन भाळले, भारी भावाने ती घेतली आणि त्याहून भारी भावाने विकली. आठवडा झाला नाही तोच गिऱ्हाईक गाडी दुसऱ्या गाडीला बांधून, टोचन करून परत घेऊन आलं. निम्म्या वाटेतच बंद पडली म्हणे. कानसेनांनी हूं की चूं न करता पैसे परत केले आणि गाडी यार्डातल्या शोरूमच्या काचेआड नेऊन लावली. तिथे ती चकचकत उभी राही आणि येता-जाता त्यांच्या जिवाला खाई.

हे सगळं मुलीच्या घरी जेवताना निघालं. मुलीच्या सासूबाई, म्हणजे कानसेनांच्या विहीणबाई, टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरीच्या खोलीत सगळी नोकरी करून निवृत्त झाल्या होत्या. शहराची वीज गेली तरी फोन बंद पडू द्यायचा नाही, हे त्यांचं काम. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "व्याहीबुवा, बॅटरीला उपास मानवत नाही, आणि रोज पंगतीचं ताटही मानवत नाही. गच्च भरून उन्हात ठेवली की ती आतल्या आत म्हातारी होते. माणसाचं काय वेगळं आहे?"

पुढच्या आठवड्यात त्या यार्डात हजर. हातात तळहाताएवढं एक यंत्र. ते स्टिअरिंगखालच्या खाचेत खुपसलं की बॅटरीत किती दम उरलाय ते आकड्यात सांगे. विहीणबाईंनी पहिल्याच दिवशी एक नियम घातला, की आकडा गिऱ्हाईकासमोर मोठ्याने वाचायचा. कानसेनांचा जीव कासावीस झाला. धंद्यात सगळं सांगायचं नसतं, हे त्यांना आईच्या दुधाबरोबर मिळालेलं ज्ञान. पण समोर विहीणबाई, मुलीची सासू. तिला नाही म्हणण्याची प्राज्ञा कोणाची? कानसेनांनी आपली खुर्ची त्यांना दिली आणि स्वतः स्टुलावर आले. यार्डातल्या मेकॅनिकांच्या तोंडच्या शिव्याही आपसूक बंद झाल्या. आणि खरं सांगायचं तर, हळूहळू कानसेनांना ती खुर्चीतली बाई पाहून बरं वाटायला लागलं. आपण आयुष्यभर जे कानांनी केलं तेच ही डोक्याने करते, आणि आपल्यापेक्षा सरळपणे करते, हे त्यांनी मनाशी कबूल करून टाकलं होतं.

अशात एका सकाळी मास्तर आले. मास्तर म्हणजे शाळेचे नव्हेत, गाडी शिकवणारे. त्यांच्या छोट्या निळ्या विजेच्या गाडीवर निम्मं शहर शिकलेलं होतं आणि शिकताना निम्म्या शहराने ती कुठे ना कुठे ठोकलेली होती. चारही कोपरे चेपलेले. मीटरवरचे किलोमीटर पाहून कानसेनांच्या भुवया टकलापर्यंत गेल्या.

मास्तरांचं म्हणणं थोडक्यात असं. त्यांच्या बायकोचे पाय गेले होते. आधी ते तिला उचलून गाडीत बसवत. आता त्यांच्याच पाठीचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी उचलायची सक्त मनाई केली. तेव्हापासून तिने उंबरा ओलांडला नव्हता. कानसेनांच्या यार्डात एक उंच टपाची व्हॅन उभी होती, कुठल्याशा दवाखान्यातून आलेली. मागून फळी खाली येते आणि चाकांची खुर्ची माणसासकट आत जाते. मास्तरांना निळी गाडी देऊन, वर जमतील तेवढे पैसे घालून, ती व्हॅन हवी होती. बाकीच्या यार्डांनी निळीला भंगाराचा भाव सांगितला होता. त्या भावात व्हॅनची चाकंही आली नसती.

"आणि एक आधीच सांगतो, मागाहून बोल नको," मास्तर म्हणाले. "हिला मी कधी पोटभर चार्ज केलेलं नाही. घरची वायरिंग जुनी. बायकोचा पलंग विजेवर, तिचं श्वासाचं मशीन विजेवर. गाडीने जास्त ओढलं तर फ्यूज जायचा. म्हणून आपलं थोडंथोडं, हळूहळू, पाऊण झाली की काढायचो. बाहेरचं झटपट चार्जिंग परवडत नाही. अर्धपोटीच ठेवलं बिचारीला."

विहीणबाई खुर्चीतून उठल्या. त्यांचा चेहरा असा उजळला होता, की कानसेनांना क्षणभर काही कळेना. त्यांनी यंत्र लावलं, थांबल्या, पुन्हा लावून पाहिलं आणि आकडा मोठ्याने वाचला. काचेआडच्या लाडक्या लेकीपेक्षा ही राबणारी पोर कितीतरी सरस होती. नव्या गाडीला लाजवेल असा दम हिच्यात उरला होता.

कानसेनांच्या आतला व्यापारी लगेच जागा झाला. हा माणूस भंगाराची तयारी करून आलाय, थोडं वर दिलं तरी पाया पडेल. हा विचार त्यांच्या मनात आला, आणि आला तसा त्यांनी तो गिळला. आकडा तर सगळ्यांसमोर वाचून झाला होता. त्यांनी भाव सांगितला. बाकीच्यांच्या दुपटीहून जास्त होता. व्हॅनला थोडेच पैसे वर घालावे लागले असते.

मास्तरांनी किल्ली टेबलावरून उचलली.

"मी मदत मागायला आलो नव्हतो," ते म्हणाले. "बायकोचं सांगितलं ते व्हॅन कशाला हवी हे कळावं म्हणून. तीन यार्डं एक भाव सांगतात आणि तुम्ही दुप्पट सांगता. मला काय समजत नाही?"

आणि ते चालू लागले. कानसेन पाहतच राहिले. भाव कमी म्हणून उठून जाणारी माणसं त्यांनी पोत्याने पाहिली होती. भाव जास्त म्हणून उठलेला हा पहिलाच. विहीणबाई यंत्राचा पडदा पुढे करून समजावत होत्या, पण रुसलेल्या माणसाला आकडा काय सांगणार? तो माणूस गेटातून बाहेर पडला, की ती बाई परत घरातच राहणार होती, आणि तेही गाडी चांगली निघाली म्हणून. असला उफराटा न्याय कानसेनांना सोसवेना.

"मास्तर," त्यांनी हाक मारली, "माझ्या शब्दावर जाऊ नका. गाडीलाच विचारू या."

निळीच्या पडद्यावर वीस टक्के दिसत होते. कानसेनांनी काचेआडची पांढरी बाहेर काढायला लावली. तिच्यातही तेवढेच. एकच कंपनी, एकच मॉडेल, एकाच सालच्या दोघी बहिणी. दोन्ही गाड्या धरणाच्या रस्त्याने सोडायच्या. पांढरीत कानसेन, निळीत मास्तर आणि साक्षीला विहीणबाई. मेकॅनिक एकमेकांकडे बघू लागले. स्वतःची फसलेली खरेदी मालक भर रस्त्यावर मिरवायला निघाला होता.

शहर संपेपर्यंत दोघी गुण्यागोविंदाने चालल्या. चढ लागला आणि पांढरीचा आकडा जिना उतरल्यासारखा खाली यायला लागला. वजनकाट्यापाशी ट्रकांची रांग होती. नेमकं तिथेच गाडीने मान टाकली. मागचे ट्रक भोंगे वाजवू लागले. कानसेन घामाघूम होऊन बाहेर आले. कधीकाळी त्यांच्याकडून गाडी घेतलेला एक ड्रायव्हर खिडकीतून ओळखीचं हसला.

पुढे गेलेली निळी वळून परत आली. मास्तर उतरले आणि सवयीने आधी म्हणाले, "इंडिकेटर लावा. चारही. लोकांना कळू दे." मग त्यांनी पांढरीकडे पाहिलं, तिचं सीटवरचं प्लास्टिक पाहिलं, आपल्या चेपलेल्या गाडीकडे पाहिलं. निळीच्या पडद्यावर अजून बरीच वाट शिल्लक होती.

"ही तुमची स्वतःची?" त्यांनी विचारलं.

"घेतली तेव्हा मी असाच हुशार होतो," कानसेन म्हणाले.

मास्तरांनी निळीच्या कोपऱ्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "ठीक आहे. पण कोपऱ्यांचे पैसे कापा. चारही ठोकलेले आहेत."

कानसेनांनी कापले. मास्तरांनी आणखी कापायला लावले, घासलेल्या टायरांचे, फाटलेल्या सीटचे. विकणारा भाव पाडतोय आणि घेणारा तो वर धरून ठेवतोय, असा सौदा वजनकाट्याने कधी पाहिला नसेल. विहीणबाई हसून हसून पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. शेवटी दोघांचं जमलं. भाव वाजवी होता आणि व्हॅन मास्तरांच्या आवाक्यात आली.

दुसऱ्या दिवशी मास्तर व्हॅन चालवून बघायला आले. त्यांनी कानसेनांना विनंती केली, की तुम्ही मागे बसा, खुर्ची जिथे अडकवतात तिथे. कानसेनांनी तिथे स्टूल ठेवलं, पट्टा धरला आणि बसले. विहीणबाई पुढे. गाडी निघाली. मास्तर अशी गाडी चालवत होते, की ती थांबली कधी आणि सुटली कधी हे कळत नव्हतं. खड्डा आला की ते त्याला आधीच ओळखून हळुवार वळसा घालत. कानसेनांनी सवयीने डोळे मिटले होते. हा माणूस घरी बायकोची खुर्ची अशीच ढकलत असणार, असं त्यांना वाटलं.

"काय दिसतं तिथून?" मास्तरांनी आरशातून विचारलं.

कानसेनांनी डोळे उघडले. "पायऱ्या दिसतात. चपलांचं दुकान. माणसं दिसतात." ते जरा झुकले. "कोपऱ्यावर एक बाई कोणाशी तरी भांडतेय."

"वाकू नका. तिला वाकता येत नाही."

कानसेन ताठ बसले. काच कमी पडत होती. वरचा पत्रा खाली आलेला होता आणि फुटपाथवरची माणसं खांद्यापर्यंतच येत होती. पिशव्या धरलेले हात, बटणं, गळे. एकाचाही चेहरा दिसत नव्हता. आयुष्यात गिऱ्हाईकापासून त्यांनी याहून मोठ्या गोष्टी लपवल्या होत्या. ही एक लपवणं सोपं होतं.

"चेहरे दिसत नाहीत, मास्तर," ते म्हणाले.

मास्तरांनी गाडी बाजूला घेऊन उभी केली. स्टिअरिंगवरचे हात तसेच होते.

"इतके महिने तिने माझाच चेहरा पाहिलाय," ते म्हणाले.

कानसेनांनी पत्र्यावरून बोटं फिरवली आणि हाताच्या वितीने माप घेतलं. "इथून इथपर्यंत कापू. मोठी काच बसवू, टपापर्यंत. दोन दिवसांत देतो."

"त्याचे जे काय होतील ते पैसे..."

"मास्तर," कानसेन म्हणाले, "तुम्ही इतक्या लोकांना शिकवलंत. आता माझं एक ऐका. गप्प बसा आणि गाडी चालवा."

मास्तरांनी आरसा नीट केला, चष्मा काढून पुसला आणि गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.