चालती झाली

अनीसाने मनकर्णाबाईच्या कमरेवरचा हात काढून घेतला आणि भगवंतराव बाजेवरून ताडकन उठले.

"पडन ते!"

"नाही पडत, काकाजी. मागे भिंत आहे, पुढे खुर्ची आहे आणि बाजूला मी आहे. बसा तुम्ही."

ते बसले नाहीत. मनकर्णाबाई खोलीच्या कोपऱ्यात पाय जुळवून उभी होती. तिचं अंग मागेपुढे झुलत होतं, आणि ते झुलणं बघवत नसल्यामुळे भगवंतरावांनी नजर खाली, तिच्या पावलांवर नेली. बोटं फरशीला घट्ट धरू पाहत होती. अनीसाने झेंडूचं एक फूल तिच्या डाव्या अंगाला, जरा लांब धरलं. मनकर्णाबाईने त्याच्याकडे पाहिलं, ती कमरेतून कलली, देठाला नख लावून खुडावं तसं फूल घेतलं आणि पुन्हा सरळ झाली. फूल तिने पदरात टाकलं आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला.

"बघा," अनीसा हळूच म्हणाली. "उद्या मी आले होते हे काकू विसरतील. पाय नाही विसरणार. पण तुम्ही सारखं धरून ठेवलं, तर पायांनी काम कशाला करायचं?"

वलगावच्या बाहेर, रस्त्यापासून जरा आत, नवरा-बायकोचं घर आणि घरामागे फुलांचं वावर होतं. मनकर्णाबाई लग्न होऊन आली तेव्हा फुलं पिकत होती, पण ती विकायला बाईमाणसाने अमरावतीला जावं हे सासऱ्याला पटत नव्हतं. मनकर्णाबाईने त्याच्या तोंडावर सांगितलं होतं, मी जाणार. आणि उभा जन्म ती जात राहिली. म्हातारपणी तिची आधी नावं हरवली, मग माणसं, मग सकाळ-संध्याकाळ. भगवंतरावांना ती भाऊ म्हणू लागली. तेही त्यांनी पचवलं. पण दिवाळीनंतर ती न्हाणीत पडली, थोड्याच दिवसांनी ओट्यावरून पडली, आणि त्यांचा धीर सुटला. ती उठली की ते दंड धरत. रात्री तिच्या पदराचं टोक उशाखाली दाबून झोपत. अकोल्याला दुकान चालवणाऱ्या नितेशने, त्यांच्या एकुलत्या एक मुलाने, तेव्हा डॉक्टरांना विचारून अमरावतीहून फिजिओथेरपीवाली लावून दिली होती. ती ही अनीसा.

हिवाळाभर ती येत राहिली. मनकर्णाबाईला ती कधी लांबलचक सांगायची नाही. आधी स्वतः करून दाखवायची. घडी घातलेल्या चादरीवर उभं राहायचं. ओट्याच्या कडेकडेने एका पावलाच्या अंगठ्याला दुसऱ्याची टाच लावत जायचं. रिकामं टोपलं कमरेवर घेऊन वळायचं. टोपलं हातात आलं की मनकर्णाबाईची मान आपोआप ताठ व्हायची. हळूहळू ती स्वतःहून उठून माठातलं पाणी घेऊ लागली. न्हाणीचा उंबरठा भिंतीला हात न लावता ओलांडू लागली. भगवंतरावांना पुष्कळ दिवसांनी दुपारची झोप लागली.

होळीच्या सुमारास अशाच एका दुपारी ते जागे झाले आणि घर रिकामं होतं.

न्हाणी पाहिली, वावर पाहिलं, विहिरीत वाकून पाहिलं. मग ते रस्त्याने धावत सुटले. पुलाजवळ चहाची टपरी चालवणाऱ्या माणिकबाईने तिला बाकावर बसवून ठेवलं होतं. पदरात झेंडूच्या कच्च्या कळ्या होत्या आणि तोंड अमरावतीकडे.

"मले वाटलं कोना पावन्याकडं चालली," माणिकबाई म्हणाली. "चाल तं इतकी सरळ होती तिची! तिनं बाजार कुठं म्हनून इचारलं, तवा मले शक आला."

भगवंतराव तिच्या शेजारी बसले आणि बराच वेळ त्यांना उठताच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी नितेश आला. येताना त्याने मोठी कडी आणली होती. ती बाहेरून दाराला बसवताना तो म्हणाला,

"बाबा, ते व्यायाम आता बंद करा."

"काहून? सुधारून राहिली ना ते."

"म्हनूनच. पडत होती तं घरात तं होती. उद्या ट्रकखाली गेली तं मी कोनाले..." तो पुन्हा स्क्रू फिरवू लागला.

विहिरीत वाकले होते तेव्हा भगवंतरावांच्याही मनात हेच आलं होतं. संध्याकाळी त्यांनी अनीसाला फोन लावला.

"आता नोका येऊ, बाई."

"का हो, काकाजी? काय झालं?"

"चांगली झाली ते. म्हनून."

त्यांनी फोन ठेवून दिला.

मग मनकर्णाबाई खुर्चीत बसून राहू लागली. वावरात जाताना ते कडी लावत. घरात असले आणि ती उठू लागली, की खांद्यावर हात ठेवून हलकेच खाली बसवत. ती बसायची. आरडाओरडा नाही, हट्ट नाही. घर शांत होतं, आणि खोटं कशाला बोला, भगवंतरावांना बरंही वाटत होतं.

एका सकाळी ते हार ओवत बसले होते. मनकर्णाबाईने खुर्चीच्या हातांवर तळवे टेकवले. अंग पुढे आणलं. आणि तिथेच थांबून तिने त्यांच्याकडे पाहिलं.

"भाऊ, उठू का?"

त्यांच्या हातातली सुई थांबली. ती पाहत होती, नव्या शाळेत घातलेल्या पोरीसारखी. उत्तर आलं नाही, तेव्हा तिने तळवे उचलले आणि मांडीवर ठेवले.

भगवंतरावांनी हार बाजूला सारला आणि फोन शोधला.

अनीसा आली तेव्हा मनकर्णाबाई उठताना पुन्हा डगमगत होती. अनीसाने दारावरची कडी पाहिली.

"काकाजी, खोटं नाही सांगत. पाय बळकट झाले की त्या पुन्हा जातील."

"मालूम हाये मले."

"मनगटात फोन नंबरचा पट्टा घालू. टपरीवर, शेजारी सांगून ठेवू. पण त्याने भागणार नाही. सोबत चालणारं कुणी लागेल."

"थेच तं सांगतो," भगवंतराव म्हणाले. "त्या दिवशी मी धावलो तं मधातच बसा लागलं. माह्येच पाय कापत होते. ते थेट पुलावर पोचली अन् मी मांगून. पोरी, मलेबी शिकव."

अनीसाने त्यांच्याकडे पाहिलं. मग कोपऱ्यापुढे दुसरी खुर्ची आणून ठेवली.

भगवंतराव चपला काढून मनकर्णाबाईच्या शेजारी उभे राहिले. एक पाय उचलताच त्यांचा दुसरा पाय लटलट कापू लागला आणि त्यांनी खुर्ची गच्च पकडली. मनकर्णाबाई तोंडाला पदर लावून हसली.

"तुमच्यापेक्षा काकू बऱ्या," अनीसा म्हणाली.

"ते पयल्यापासूनच हाये."

उन्हाळा उतरला तशी ती दोघं संध्याकाळी निघू लागली. आधी वावराच्या बांधापर्यंत, मग रस्त्यापर्यंत. आणि एके दिवशी रस्ता लागला तरी मनकर्णाबाई वळली नाही. भगवंतरावांनी तिला वळवलं नाही. ती पुढे, ते मागे, अशी दोघं चालत राहिली.

फोन वाजला. नितेश होता.

"बाबा, सारं ठीक हाये ना? आई काय करून राहिली?"

भगवंतरावांनी समोर पाहिलं. बाभळींच्या सावल्या रस्त्यावर आडव्या पडल्या होत्या आणि ती त्या एकेक ओलांडत चालली होती.

"ठीक हाये," ते म्हणाले. "मी तिच्याजवळच हाये."

त्यांनी फोन खिशात टाकला. लांबून एक ट्रक येत होता. त्यांनी पावलं उचलली, तिला गाठलं आणि रस्त्याकडच्या अंगाला झाले. ट्रक धूळ उडवत निघून गेला. मनकर्णाबाईने डोळे बारीक करून शेजारच्या माणसाकडे पाहिलं.

"कुठं चालले, भाऊ?"

"तू जाशीन तिकडं," भगवंतराव म्हणाले.

"बरं," ती म्हणाली, आणि चालू लागली.