हौदावरची रांग

"पाटलीणबाई, मागं व्हा. तुमच्या आधी लिंबाजीची मालकीण उभी हाय," शिवम्मा हौदाच्या कट्ट्यावरून म्हणाली. पाटलीणबाई रागानं मागं झाली, पण झाली.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. जळकोटकडच्या त्या गावात दुष्काळानं विहिरी आटल्या होत्या. टँकरचं पाणी वाटायला सरकारनं शिवम्माला नेमलं होतं. लिंगायताची विधवा बाई. पण तिनं साऱ्या गावाची एकच रांग लावली. कुणी कुरकुरलं की म्हणायची, "पाणी सरकारचं हाय."

एकदा चावडीवरच्या रेडिओवर नव्या पंतप्रधानांचं भाषण लागलं. देश एक आहे, भेद विसरा. सरकारनं प्रत्येक गोष्टीत हात घालू नये, लोकांनी आपला कारभार आपण करावा. शिवम्मा हरखली.

"ऐकलं का लिंबाजी? आपल्या रांगेचंच बोलायलेत."

वेशीबाहेरच्या वस्तीतला लिंबाजी हसला. "हाव अक्का. पण सरकार बाजूला झालं तर रांग ऱ्हाईल का?"

पुढच्याच महिन्यात कचेरीतून हुकूम आला. हौद गावाच्या ताब्यात गेला, शिवम्माचं काम संपलं. बैठकीत ठरलं, आधी गावानं भरायचं, उरलं तर वस्तीनं. शिवम्मा भांडायला उठली, तर तिचा दीर बसवंतच म्हणाला, "वैनी, पंतप्रधानच म्हणले न्हवं, गावानं आपलं आपण बघावं? बघायलोत."

शिवम्मा खाली बसली.

वस्तीसाठी पाणी उरेचना. लिंबाजीची बायको साखराबाई ओढ्यात झरा उकरायला जाऊ लागली. खड्डा खोल होत गेला आणि एका सकाळी दरड तिच्या अंगावर आली. लोकांनी माती उपसून काढली तेव्हा सगळं संपलं होतं.

बातमी कळताच शिवम्मानं घरातली भरलेली घागर उचलली. बसवंत दारात आडवा आला. "वैनी, तिकडं? लोक काय म्हणतील?"

"सरक," ती म्हणाली.

लिंबाजीच्या अंगणात बायकांनी तिला वाट दिली. ती अंघोळ घालायला बसली, तसा लिंबाजी चाचरत म्हणाला, "अक्का, अर्ध्या घागरीत भागवा. पोरीला प्यायला लागंल."

शिवम्मानं अर्धी घागर उंबऱ्याच्या आत नेऊन ठेवली. उरलेलं पाणी बेतानं घातलं. साखराबाईच्या नखांत ओढ्याची माती घट्ट बसली होती. शिवम्मानं पदराचं टोक भिजवलं आणि एकेक नख पुसत ती बसून राहिली.