चटका न लागलेला पाय

“लांब झाला! पाय लांब झाला!” बंद पडलेल्या थिएटरात एकच गलका उठला. मागच्या रांगेतली माणसं खुर्च्यांवर चढली. पडद्यासमोरच्या बाकावर बँकेचा जाडजूड पहारेकरी पाय पसरून बसला होता आणि त्याच्या टाचा तळहातांवर तोलून मापबाबा डोळे मिटून पुटपुटत होता. मघाशी उजवा बूट डाव्याच्या अंगठाभर मागे होता. आता दोन्ही बूट एका रेषेत!

“पाय बोलतो, मी फक्त ऐकतो,” मापबाबा म्हणाला. “पाय आखडला म्हणून कंबर रुसते, कंबर रुसली म्हणून गुडघा कुरकुरतो. डॉक्टर कुरकुरणाऱ्याला गोळी देतो. आपण रुसवाच काढतो!”

लोक खदखदून हसले. पहारेकरी टेकायची काठी बगलेत मारून तुरुतुरु चालत गेला. टाळ्यांचा कडकडाट.

मला काही स्वस्थ बसवेना. माझा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्टच्या फोटोसाठी माणसं स्टुलावर बसवायची आणि ‘जरा सरळ व्हा, खांदा खाली घ्या’ म्हणायचं, यातच माझा दिवस जातो. माणूस तिरका बसला की धडधाकट खांदाही लहान दिसतो, हे मला पाठ आहे. हा बाबा प्रत्येकाला बसवताना कमरेला हात लावून हळूच वळवत होता. बूट मात्र कुणाचेच काढत नव्हता.

पण आता नंबर अण्णांचा होता.

अण्णा माझे सासरे. उभा जन्म टपाल वाटत पायी हिंडले. हल्ली मात्र कोपऱ्यापर्यंत गेले की डावी पोटरी पिळवटून यायची. मग ते कुठल्याही दुकानाच्या काचेपुढे उभे राहून आत बघत बसायचे. परवा बांगड्यांच्या दुकानापुढे इतका वेळ रेंगाळले, की दुकानदारानं विचारलं, “आजोबा, कुणाचं माप आणलंय?” डॉक्टरचं नाव काढलं की उखडायचे. साखरेच्या आजाराच्या गोळ्या लहर लागली तर घ्यायचे, तंबाखू मात्र न चुकता. शेवटी वन्संनी, म्हणजे त्यांच्या मुलीनं, त्यांना इथे आणलं होतं.

“ह्यांचा आखडलेला नाही, धरलेला आहे,” अण्णांच्या पायाला हात लावून मापबाबा गंभीर झाला. “बाधा आहे. वीट आणा!”

शेगडीवर तापवलेली वीट आली. तिच्यावर एकेरी फडकं टाकून बाबानं अण्णांचा अनवाणी डावा पाय ठेवला. अण्णांनी पापणीसुद्धा हलवली नाही.

“लागतोय चटका?”

“छे!”

“बघा! बाधाच आग गिळते!”

लोकांनी हात जोडले. वन्संच्या डोळ्यांत पाणी आलं. मी पुढे झाले, विटेला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. “अण्णा, उचला पाय!” मी ओरडले. लोकांनी मलाच गप्प केलं.

घरी येईपर्यंत अण्णा तीनदा थांबले. मोजा काढला तर तो टाचेला चिकटलेला. खाली टम्म फोड.

“दुखत नाही गं सूनबाई, उगाच जीव टांगणीला लावू नकोस.”

“दुखत नाही, हीच तर भीती आहे!” मी म्हणाले आणि रिक्षा बोलावली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण हात शांत. त्यांनी अण्णांच्या पावलावर बोटं ठेवली, मग घोट्यामागे. पुन्हा पावलावर. माझी नजर त्यांच्या चेहऱ्यावरून हलेना. मग त्यांनी नायलॉनचा एक बारीक तंतू घेतला. “आजोबा, डोळे मिटा. पायाला स्पर्श झाला की ‘हो’ म्हणा.”

तंतू अंगठ्याला टेकला, बोटांना टेकला, तळव्याला टेकला. अण्णा वाट बघून वैतागले. “अहो बाई, सुरू करा की!”

“मी केव्हाच सुरू केलंय, आजोबा.”

अण्णांनी डोळे उघडले. बाणेदार माणूस, पण त्या क्षणी चेहरा पार उतरला.

“पायदुखी हे रोगाचं नाव नाही, ती तक्रार आहे,” बाई म्हणाल्या. “कुणाची नस कमरेत दबते, कुणाचा गुडघा झिजतो, कुणाच्या पोटरीत रक्ताची गुठळी होते आणि तो एकच पाय सुजतो. तुमचं चाललं की दुखतं, थांबलं की थांबतं. पायाची रक्तवाहिनी चोंदलीय, पावलात नाडी लागत नाही. वर साखरेनं तळव्याच्या नसा बधिर केल्यात. म्हणून चटका लागला नाही. आणि रक्त पोचत नसेल, तर ही जखम भरणार कशी?”

“पाय राहील ना?” वन्संनी विचारलं.

“प्रयत्न करू. आजच भरती करा.”

अण्णांना खाट मिळाली, पण मला चैन पडेना. थिएटरात अजून रांग होती, वीट तापतच होती. दुसऱ्या दिवशी मी तिथे गेले. वन्संही आल्या.

मी बाकावर पाठ टेकून ताठ बसले आणि बूट काढू लागले.

“बूट नको, बाई! ऊर्जा सांडते!”

“मग झाडू मारून गोळा करू,” मी म्हणाले. कुणीतरी फिसकन हसलं. पहारेकरीही तिथेच होता. काठी पुन्हा हातात आली होती. “बसा,” मी त्याला म्हणाले. त्याला जरा तिरका बसवला, टाचा हातात घेतल्या, डाव्या बुटाची टाच बोटभर ओढून सैल केली. उजवा पाय आखूड दिसू लागला. मग तोच डावा बूट हळूच मागे सारला.

“लांब झाला!” सवयीनं एकजण ओरडला आणि स्वतःच वरमला.

“झाला नाही. बूट जागेवर गेला,” मी म्हणाले. मग त्याचे बूट उतरवून त्याला सरळ बसवलं. दोन्ही टाचा जुळल्या.

“मग काल माझं दुखणं गेलं कसं?” पहारेकऱ्यानं विचारलं.

“इतक्या टाळ्यांत दुखण्याचा थोडा वेळ विसर पडतो. परत आलं ना?”

त्यानं काठीकडे बघून मान हलवली.

“नास्तिक आहे ही!” मापबाबा कडाडला. “वीट आणा, चमत्कार दाखवतो!”

तेव्हा वन्सं पुढे झाल्या. “आणा वीट. आधी तुम्ही उभे राहा तिच्यावर. माझ्या बापाला चटका लागला नाही, कारण त्याचा पाय बधिर होता. त्याची टाच जळत होती आणि मी हात जोडत होते.”

मापबाबा विटेकडे गेला नाही. मागच्या दारानं निघाला. लोकांनी त्याला तिथेच अडवून पोलिसांना बोलावलं.

अण्णांची रक्तवाहिनी उघडली, जखम सावकाश भरतेय. रक्ताविना काळी पडलेली पायाची करंगळी मात्र काढावी लागली. तंबाखू सुटली. ते म्हणतात, “बोट गेलं, पाय वाचला.” मला ते ऐकवत नाही. महिनाभर आधी तपासलं असतं, तर बोटही राहिलं असतं.

तुमचा पाय दुखत असेल, तर कधी दुखतो, कुठे दुखतो, सूज आहे का, बधिरपणा आहे का, हे नीट बघा आणि शिकलेल्या डॉक्टरला दाखवा. डॉक्टरलाही ‘का?’ विचारा. उत्तर द्यायचं सोडून जो विटा तापवतो, त्याच्या हाती पाय देऊ नका.