भिंतीतला रिकामा पाइप

ही गेल्याचं मला दवाखान्याच्या व्हरांड्यात कळलं, आणि सासूबाईंना सांगायचं काम माझ्यावर आलं. सासूबाई म्हणजे हिची आई. डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, पायांतला जोर गेलेला; आमच्याच घरी मागच्या खोलीत असतात. शेजारणीला त्यांच्यापाशी बसवून गेलो होतो. ती मला बघून उठली आणि निघून गेली. मी दारात शब्द जुळवत उभा राहिलो.

"एरवी ही बाई निघताना अर्धा तास दारात बोलत असते," सासूबाई म्हणाल्या. "आज मुकाट्याने गेली. माझी लेक गेली ना, जावईबापू?"

मी हो म्हणालो आणि फरशीवर बसलो. आणि मग फळीवरून ही बोलायला लागली.

मी उठून उभाच राहिलो. आवाज हिचाच. आधी घसा साफ केला, मग वाचायला लागली. कुठल्याशा जहाजाची गोष्ट होती. सासूबाईंनी हाताने मला बसायची खूण केली.

"त्या स्पीकरवर रोज चहाच्या वेळेला आपोआप लागतं. दवाखान्यात जायच्या आधी पुष्कळ वाचून भरून ठेवलंय तिने. ऐका."

मी नळकाम करतो. चहाच्या वेळेला मी कायम कुणाच्या तरी मोरीत वाकलेला असायचो. ही एका कार्यालयात संगणकांची देखभाल करायची. घरातही तिने वायरी टाकल्यात एवढं मला माहीत होतं, पण पाइप माझे आणि वायरी तिच्या अशी आमची वाटणी होती. "तुझं बरं आहे, तुझ्या वायरी गळत नाहीत," असं मी म्हणायचो. "गळतात," ती म्हणायची, "फक्त फरशी ओली होत नाही."

त्या दिवसापासून चहाला घरी येता येईल अशीच कामं मी घ्यायला लागलो. सासूबाईंच्या पलंगाशी स्टूल ओढून बसायचो. गोष्टीतला कप्तान त्यांना मुळीच आवडत नव्हता. "वाट चुकलाय, पण कुणाला विचारणार नाही," त्या म्हणायच्या. "असे एकेक असतात." माझ्याकडे बघायच्या नाहीत, कारण दिसत नाही, पण टोमणा बरोबर लागायचा.

मग एके सकाळी इंटरनेटच्या कंपनीचा माणूस आला. जुना राउटर काढला, नवा बसवला. वायफायचं नाव आणि पासवर्ड जुनाच ठेवला. "म्हणजे तुम्हाला काही करायला नको, काका," म्हणाला. माझा फोन लगेच चालू झाला. जुना डबा कपाटावर ठेवून तो गेला.

चहाची वेळ झाली. फळी गप्प. कप थंड होईपर्यंत आम्ही थांबलो.

"आज ती आली नाही," सासूबाई म्हणाल्या. एवढंच. पण चहा तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशीही तेच. मग मी कामाला लागलो. नळाला पाणी नसलं की आम्ही बाहेरून आत बघत येतो. आधी रस्त्यावरची लाइन, मग मीटर, मग व्हॉल्व्ह, मग टाकी. माझा हात त्याच वळणाचा. मी शिडी लावून भिंतीबाहेरची वायर तपासली, जोड पुसले, नवा डबा बंद-चालू केला. शेवटी कंपनीला फोन लावला. एक मुलगी बोलत होती.

"तुमची लाइन व्यवस्थित आहे, काका."

"मग आवाज का येत नाही?"

"कसला आवाज?"

"माझ्या बायकोचा."

"मॅडम घरी आहेत का? त्यांनाच फोन देता का?"

मी फोन ठेवला. तरी पुन्हा लावला, माणूस बोलावला आणि बाहेरची अख्खी वायर बदलून घेतली. फळी गप्पच. मी पलंगाशी बसून पाना पुसत होतो.

"बाहेर काय शोधताय तुम्ही?" सासूबाई म्हणाल्या. "ती बाहेरून कधी बोलत होती? स्वयंपाकघरात बसून वाचायची ती. मागे एकदा तुमची ती लाइन दिवसभर गेली होती. सगळी इमारत ओरडत होती. त्या दिवशीसुद्धा ती वेळेवर आली."

मी पाना खाली ठेवला. उगम बाहेर आणि आपण शेवटचं टोक, हे इतकं अंगात मुरलेलं की दुसरं काही सुचलंच नव्हतं. विहीर घरातच होती.

मग मी उलटं निघालो. फळीवरच्या स्पीकरची वायर धरली. ती पलंगामागून उतरली, भिंतीच्या कडेने गेली, सारख्या अंतरावर खिळे मारून बसवलेली, कुठे ताण नाही, कुठे लोंबत नाही. कोपऱ्यात ती एका भोकात शिरली. भोक मी ओळखलं. मोरीची भिंत फोडली होती तेव्हा ही म्हणाली होती, "अहो, आत एक रिकामा पाइप सोडाल का? आणि काटकोनात वळवू नका, मोठं वळण द्या." कशाला विचारलं तर म्हणाली, "लागेल." मी सोडला आणि विसरलो. माझ्याच पाइपातून ती तिची वाट घेऊन गेली होती.

पाइपाचं दुसरं तोंड स्वयंपाकघरातल्या माळ्यावर निघतं. मी वर चढलो, बॅगा बाजूला केल्या. मागे एक छोटी काळी पेटी होती आणि शेजारी भोकंभोकं असलेली एक पट्टी. सगळ्या खोल्यांतल्या वायरी तिथे येऊन मिळत होत्या. प्रत्येकीला कापडी पट्टी शिवलेली आणि पट्टीवर हिच्या अक्षरात एक शब्द. आई. लेक. एकीवर नुसतं 'हे'. हे म्हणजे मी. ती वायर माझ्या खुर्चीमागे निघते हे मला आत्ता कळत होतं.

मी पेटीवर हात ठेवला. कोमट होती. आत बारीक घरघर चालू होती आणि एक हिरवा दिवा लुकलुकत होता. ही नव्हती, घरात कुणाला पत्ता नव्हता, आणि ही पेटी धुळीत बसून कामावर हजर होती. मी लोकांच्या घरांच्या पोटात काय काय बघितलंय. माझ्या घराच्या पोटात हे असेल असं कधी मनातही आलं नाही. मी माळ्यावर बसूनच राहिलो.

तिथूनच आमच्या लेकीला फोन लावला. ती दूर असते, पण आईच्याच धंद्यात आहे.

"कोमट आहे? मग ठणठणीत आहे, बाबा. आईचं सगळं वाचन त्यातच आहे," ती म्हणाली. "नव्या डब्याने घरातल्या सगळ्या यंत्रांना नवे पत्ते वाटलेत. आजीच्या स्पीकरने नवा घेतला. पण आईने पेटीला पत्ता हाताने ठरवून दिला होता, तो कधी बदलू नये म्हणून. ती जुन्याच गल्लीत बसलीय. स्पीकर रोज नव्या गल्लीत हाका मारतोय."

"मग पेटीला नवीन पत्ता देऊ?"

"नको, तिला हात लावू नका. गल्लीच परत जुनी करू. जुना डबा आहे ना? उलटा करून खालचा आकडा वाचा."

मी खाली उतरून आकडा वाचला आणि तिने सांगितलं तसं फोनवर नव्या डब्याचं सेटिंगचं पान उघडलं. एक आकडा खोडून जुना घातला. बोट जाडं, दोनदा चुकलं.

"बिघडलं तर?"

"परत फिरवू. पाणी नाही सांडत, बाबा. दाबा."

दाबलं. सगळे दिवे गेले. मग एकेक करून आले. मी जाऊन सासूबाईंच्या स्पीकरचा प्लग काढून पुन्हा लावला आणि स्टुलावर बसलो. चहा कुणी केलाच नाही.

वेळ झाली. घसा साफ झाला. जिथे थांबली होती त्याच्या पुढच्याच वाक्यापासून ही वाचायला लागली. सासूबाईंनी पलंगाची कड धरली. जहाज धुक्यातून बाहेर येत होतं, तेवढ्यात आवाजात दार वाजलं आणि कुणीतरी विचारलं, "कुणाशी बोलतेस गं?"

"आईशी," ही म्हणाली.

"त्या तर झोपल्यात."

"उठतील," ती म्हणाली आणि पुढे वाचायला लागली.

मला त्यातलं काही आठवत नव्हतं. तरी मी तिथे होतो. ती होती, मी होतो, आणि पलीकडे सासूबाई झोपल्या होत्या. ते सगळं त्या कोमट पेटीत जसंच्या तसं राहिलं होतं.

"तो मध्ये तोंड घालणारा कोण?" सासूबाईंनी विचारलं.

"तुमचा जावई."

"वाटलंच. कप्तान." आणि त्या हसल्या, ही गेल्यापासून पहिल्यांदा.

आता रोज लागतं. पण आमची लेक फोनवर पाठीस लागलीय. पेटी जुनी आहे, आतली हार्ड डिस्क एकच, कधीही बसेल. बंद करून खाली आणा, दुकानात नेऊन सगळ्याची दुसरी प्रत काढा. सासूबाईही म्हणतात, "न्या की. एक दिवस ऐकलं नाही तर मी काही मरत नाही." मी दोनदा माळ्यावर गेलो. बटणावर बोट ठेवलं, दिवा बघितला आणि तसाच खाली आलो. प्रत काढायची राहिली आहे.